पाहुण्यांची पावलं

आमच्या सरांना कोरेगावात एका लग्नात चपलाचोर म्हणून धरलं होतं. ते चोर नव्हते, पण चपला हातात होत्या हे खरं. मांडवाबाहेर लोकांनी काढलेल्या चपला ते एकेक उचलत, उलटी करून तळ बघत आणि परत ठेवत होते. ठेवताना काही उलट्याच राहिल्या. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. नवरदेवाच्या चुलत्यानं त्यांची कॉलर धरली.

"काय चाललंय ओ?"

"झीज बघतोय," सर म्हणाले.

"कुनाची?"

"ही कुणाची आहे?" सरांनी हातातली चप्पल पुढं केली. ती चुलत्याचीच निघाली. "डावा पाय घासत चालता तुम्ही. अंगठ्याखाली बघा, भोक पडायला आलंय. साखर तपासलीत का कधी?"

"तुमी माज्या चपला चोरायच्या आनि वर माजीच साखर काढायची व्हय?"

लग्न माझ्या भाचीचं होतं आणि सरांना मीच बोलावलं होतं, त्यामुळं मला मध्ये पडावं लागलं. मी सांगितलं, हे आमच्या कॉलेजातले सर आहेत, डोकं जरा असंच आहे, सोडा. महिन्याभरानं चुलत्यानं साखर तपासली. निघाली. तेव्हापासून तो मला रस्त्यात दिसला की दुसऱ्या कडेनं जातो, जशी काही साखर मीच घातली.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात उंदीर सांभाळायच्या कामाला होते. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणा-पाणी करायचं. माझं शिक्षण चौथी. उंदरांना तेवढं पुरतं. सगळं कॉलेज मला मावशी म्हणायचं, सर बाई म्हणायचे. मी एकदा विचारलं, तुम्हीच तेवढं बाई का म्हणता? तर म्हणाले, "माझ्या आईला बहीण नव्हती." ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान होते. तरी त्यांच्याशी बोलताना मला शाळेत बसल्यासारखं व्हायचं, आणि शाळा मला कधीच आवडली नव्हती.

त्यांचा एक शब्द होता, "कशावरून?" मी म्हटलं, सर, वीज गेली. "कशावरून?" म्हटलं, अंधार झाला. "बल्ब गेला असेल." मग शेजारच्या खोलीत जाऊन बटण दाबून यायचे आणि म्हणायचे, "हां. गेली." मी आधीच सांगितलेलं होतं, पण माझ्या सांगण्यानं वीज जात नव्हती. ते स्वतः बघून आले की मगच जायची. तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणायचे, "सकाळपासून तरी बरी आहे." बरं वाटेल, नीट होईल, काळजी करू नका, असलं काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. घरी बायकोशी कसे बोलत असतील कोण जाणे. बायको आटपाडीला राहायची आणि ते रविवारी जायचे. तेवढ्यावर त्यांचा संसार टिकला असावा.

आमच्याशी ते पुस्तकातलं बोलायचे. उंदरांशी मात्र आटपाडीचं. उंदरांना ते पाहुणे म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे.

"या पावणं, या. आवं, लाजताय कशाला? कागुद तुमच्यासाठीच हातरलाय. चला, चालून दावा."

उंदीर चालायचे. तेच आमचं काम होतं.

काम काय होतं ते सांगते. उंदराला भूल देऊन त्याच्या मागच्या मांडीतली नस चिमट्यानं दाबायची. हे मॅडम करायच्या. मॅडम म्हणजे सरांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टर, सांगलीच्या. नस दाबली की तो पाय ओढायला लागतो. मग काही उंदरांच्या नसेजवळ मूळपेशी सोडायच्या आणि काहींच्या नुसतं मिठाचं पाणी, आणि बघत बसायचं कोण लवकर नीट चालतो ते. या मूळपेशी मोठ्या, वाढलेल्या जनावराच्याच चरबीतनं काढतात. माणसाच्या अंगातही असतात म्हणे. मी सरांना विचारलं, त्या जाऊन नवी नस होतात का? ते म्हणाले, "बहुतेक नाही. बाळंतिणीजवळ बाई बसवतात ना, तशा बसतात. ती बाई बाळंत होत नाही. पण खायला घालते, शेक देते, हवं-नको बघते. मरायला टेकलेली नस मरू देत नाहीत आणि दुखावलेली वाढायला बळ देतात. असं आम्हाला वाटतं."

"वाटतं? कशावरून?" मी म्हटलं.

त्यावर ते पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याकडं कौतुकानं बघून म्हणाले, "तेच तर बघायचंय."

बघायची रीत अशी. फूटभर रुंदही नसेल अशी लाकडी गल्ली होती, तळाला पांढरा कागद, टोकाला अंधारी पेटी. उंदराच्या मागच्या पंजांना मी शाई लावायची आणि गल्लीच्या तोंडाशी सोडायची. तो अंधाराकडं चालत जायचा आणि कागदावर पावलं उठायची. धडधाकट उंदराची बोटं पसरलेली उमटतात. नस दुखावलेल्याची बोटं मिटलेली आणि टाच लांब ओढलेली. गौर आणताना मी आयुष्यभर पावलं काढली आहेत. मूठ वळून कडेनं ठसा उठवायचा, वर पाच टिंबं द्यायची. त्यामुळं बोटांमधलं अंतर मला पट्टीशिवाय कळायचं. मी म्हणायची, याचं मागच्या आठवड्यापेक्षा सुटलंय. सर पट्टी लावायचे. माझं बरोबर निघायचं. पुढच्या वेळी परत पट्टी लावायचेच.

कुठल्या नंबरच्या उंदराला मूळपेशी आणि कुठल्याला पाणी, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नसायचं. दुसऱ्या विभागातला एक माणूस ते ठरवायचा, कागदावर लिहायचा आणि पाकीट डिंकानं चिकटवून प्राचार्यांच्या कपाटात ठेवायचा. मोजून झालं की मग पाकीट फोडायचं. मला ते खुळेपणाचं वाटायचं. स्वयंपाक आपणच करायचा आणि मीठ कशात घातलं ते आपल्यालाच ठाऊक नाही. सर म्हणाले, "माहीत असलं की डोळा खोटं बघतो, बाई. माझासुद्धा."

सरांची नोकरी संपायला दीड वर्ष उरलं होतं. सहा वर्षं त्यांनी या एकाच प्रश्नात घातली होती. मूळपेशी घातलेला उंदीर न घातलेल्यापेक्षा खरंच बरा चालतो का? उत्तर मिळालं तर मॅडम काम पुढं नेणार होत्या. नाही मिळालं तर खोली जाणार होती. परीक्षा विभागाचा त्या खोलीवर केव्हापासून डोळा होता, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला.

आता माझ्या मालकांचं सांगायला पाहिजे. ते फौजेत होते. गाडी उलटली आणि गुडघ्याजवळची नस तुटली. तेव्हापासून उजवा पंजा वर उचलत नाही, चालताना फटफट वाजतो. त्याला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षं मी रोज सकाळी त्या पायाला ओवा टाकून कढवलेलं तिळाचं तेल चोळते. उपयोग शून्य. पण आमच्याकडं पाय गेला की तेल, हात गेला की तेल, मूल झालं की तेल. न लावलं तर लोक विचारतात, आणि लावलं की कुणी काही विचारत नाही.

त्या लग्नानंतर सर आमच्या घरी चहाला आले. आल्या आल्या मालकांची चप्पल उलटी केली, मग पाय बघितला, टाचणी टोचून बघितली.

मालक म्हणाले, "सर, त्ये उंदरास्नी देताय ते आमाला बी द्या की एक डाव. फौजेत काय काय टोचून घेतलंय, त्यात ह्ये एक."

"उपयोग नाही," सर म्हणाले. "सव्वीस वर्षांत ते मांसच वाळून गेलंय. मोटेचा नाडा नवा आणला तरी ओढायला मोट पाहिजे ना? आणि माणसाला देण्याइतकं आम्हाला अजून काही माहीत नाही. कुणी देतो म्हणाला तर जाऊ नका."

"मंजी उंदराचा नंबर पयला आनि जवानाचा मागनं?"

"हो."

सर गेल्यावर मालक म्हणाले, "मानूस खरा हाय. पर लय कडू."

पुढच्या खेपेला चाळीस उंदीर आले. मॅडमनी सगळ्यांच्या नसा दाबल्या, नंबरवार बाटल्यांतलं जे काय होतं ते सोडलं. मी साडेसातला पोचायची, बाकीचे नवाला यायचे. तेवढ्या वेळात मी पिंजरे उघडले की हे चाळीसजण पाय ओढत हिंडताना दिसायचे. पाय ओढणारं कुणी दिसलं की माझा हात तेलाकडं जातो. त्यात माया नाही. दूध उतू जाताना हात जातो तसा जातो. मालकांच्या तेलाची लहान बाटली मी पिशवीतनं आणायला लागले. सगळ्यांना लावायला वेळ पुरायचा नाही, म्हणून जे फार ओढायचे त्यांना लावायची. उंदीर हातात धरायचा, पाय बोटांत घ्यायचा, तळव्यापासून मांडीकडं चोळायचा. आधी चावले, मग सवय झाली. आठ आठवडे मी हे केलं आणि यात काही सांगण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही. घरी मी भाजीत काय घालते तेही सांगत नाही.

आठ आठवड्यांनी पाकीट फोडलं. मॅडमनी आकडे मांडले. मूळपेशीवाले आणि पाणीवाले, दोन्ही सारखेच. काही फरक नाही. मॅडम खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

सर मात्र कागद परत बघत बसले. एक कागद त्यांनी उजेडात धरला. मग दुसरा. मग तिसरा.

"बाई, हे डाग कशाचे?"

"तेलाचे."

"कसलं तेल?"

"तिळाचं. ओवा टाकून."

"कुणी लावलं?"

"मी."

"का?"

"पाय ओढत होते."

मॅडम वळल्या. "मावशी! तुम्ही उंदरांना मालिश केलंत?"

"सगळ्यांना नाही," मी म्हटलं. "जे फार ओढत होते त्यांना."

"आठ आठवड्यांच्या कामाचं वाटोळं केलंत हो तुम्ही!"

सरांनी तेलाचे कागद वेगळे काढले. सोळा उंदरांचे निघाले. पाकिटातल्या यादीशी लावून बघितले. सोळातले तेरा पाणीवाले होते.

मॅडमचा चेहरा एकदम पालटला. "सर! म्हणजे पाणीवालेच जास्त ओढत होते. म्हणजे मूळपेशी लागू पडतायत!"

"कशावरून?" सर म्हणाले. "बाईंच्या दयेवरून?"

"दया नव्हती," मी म्हटलं.

"मग हे कागद काढून टाकू," मॅडम म्हणाल्या. "बाकीचे चोवीस धरू. कुणाला कळणार आहे?"

"उरलेल्यांत तेल लावूनही न दिसलेले किती आणि मुळात न लावलेले किती, हे तुम्हाला माहीत आहे? मला नाही."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि वही काढली. किती वेळ चोळायचात? म्हटलं, चहाला उकळी येईपर्यंत. त्यांनी तिथल्या तिथं चहा ठेवला आणि घड्याळ लावलं. चार मिनिटं दहा सेकंद. लिहिलं. कुठल्या दिशेनं? खालून वर. लिहिलं. जोर किती? बाही वर करून हात पुढं केला, "इथं दाबून दाखवा." मी दाबलं. "आई गं," म्हणाले आणि लिहिलं. हे सगळं त्यांनी तसंच अहवालात घातलं. मदतनीस बाईंनी ओव्याचं तेल लावलं, त्यामुळे या प्रयोगावरून काहीही म्हणता येत नाही, असं. मॅडम म्हणाल्या, सर, लोक हसतील. सर म्हणाले, "हसू देत. खरं आहे ते."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, मी काम सोडते.

"का?"

"बिघडवलं ना."

"कसं बिघडतं ते आता तुम्हाला माहीत झालंय. नवी बाई नव्या रीतीनं बिघडवेल."

लोक हसले असावेत. कारण पुढच्या खेपेला फक्त बारा उंदरांची मंजुरी आली. सर निवृत्त व्हायच्या आत होण्यासारखं तेवढंच होतं. सहा मूळपेशी, सहा पाणी. मॅडमनी दारावर पाटी लावली, 'उंदरांना विनाकारण हात लावू नये'. मला वाचता येतं. सरांनी पाटी काढून टाकली. म्हणाले, "पाटीनं हात थांबतो कशावरून?"

तेलाची बाटली मी घरी ठेवली. सकाळी पिंजरे धुताना हात पदरात धरून उभी राहायची, मगच एकेक दार उघडायची. बाराजण पाय ओढत फिरायचे आणि मी बघायची. मला वाईट वाटलं असं नाही. पण हात दुखले. काम न करता हात दुखतात हे मला साठी उलटल्यावर कळलं.

त्या बारात नऊ नंबरचा उंदीर सगळ्यांत पुढं गेला. पाचव्या आठवड्यातच त्याची बोटं अशी पसरून उठायला लागली की नस कधी दाबलीच नव्हती म्हणावं. सर त्याला "पाटील" म्हणायला लागले. "या पाटील, चाला." मॅडम त्याचा कागद वाळायच्या आत बघायला यायच्या. तो मूळपेशीवाला असणार हे कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाच्या मनात होतं. बारा उंदरांत असा एक जरी धरता आला तरी उत्तर ठसठशीत येणार होतं.

आठ आठवडे झाले. सरांना महिनाच उरला होता. प्राचार्यांच्या कपाटातनं पाकीट आणलं. मॅडमनी कात्री पुढं केली. सरांनी ती घेतली नाही.

"बाई, आधी तुम्ही सांगा. या वेळी कुणाला हात लावलात?"

"सर, पाकीट फोडू, मग विचारू," मॅडम म्हणाल्या.

"नंतर विचारलं की सगळेच शहाणे होतात. बाई?"

मी म्हटलं, "तेल नाही लावलं."

"तेल नाही विचारलं. हात."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. मालकांशी मी पुष्कळ बोलते. पण मला ते समोर बसून विचारत होते, आणि ते पुसतात तेव्हा उत्तर ऐकायला थांबतात.

"एकदा," मी म्हटलं. "दुसऱ्या आठवड्यात. एकाचा दुखरा पाय जाळीत अडकला होता. सोडवला. आणि सोडवल्यावर चोळला. कोरड्या हातानं. दोनदा."

"कुठला नंबर?"

"नऊ."

मॅडम म्हणाल्या, "सर, दोनदा! दोनदा हात फिरवल्यानं नस वाढत नाही!"

"दोनदा म्हणजे शून्य नव्हे."

"अडकलेला पाय सोडवणं म्हणजे मालिश नव्हे!"

"सोडवणं नव्हे. चोळणं होय."

"निदान पाकीट फोडून बघू. तो पाणीवाला असला तर काढा. मग फायदाच आहे आपला."

"तेच तर," सर म्हणाले. पेन काढलं आणि नऊ नंबरवर आडवी रेघ मारली. शांतपणे, पट्टी लावून. मग कात्री घेतली.

यादी मॅडमनी वाचली. वाचताना नवाशी आल्या तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. "मूळपेशी."

उंदीर भुशात खुडबुडत होते. मॅडमनी दोन्ही हिशेब करून बघितले. नऊ धरला तर कुणालाही पटेल असा फरक. नऊ सोडला तर पाच एकीकडं, सहा एकीकडं. फरक होता, मूळपेशीवाल्यांची बोटं जास्त सुटली होती, पण वाद घालणाऱ्याला वाद घालता येईल इतकाच.

सरांनी लिहिलं, 'फरक दिसतो. उंदीर अकरा आहेत. तेवढ्यावर विसंबू नये. पुन्हा करून पाहावे.' सहा वर्षं आणि चार वाक्यं.

मी विचारलं, "सर, मी बोलले नसते तर?"

"मला कळलं नसतं," ते म्हणाले. "आणि उत्तर फार छान आलं असतं." पेनाला टोपण लावलं आणि उंदरांना दाणा घातला का ते विचारलं.

निरोप समारंभात त्यांना शाल दिली. ती बोटांत चोळून म्हणाले, "लोकर आहे? कशावरून?" प्राचार्य हसले, पण सर उत्तराची वाट बघत उभे होते. मग आटपाडीला गेले. खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. मी घरी बसले. मालकांच्या पायाला तेल लावायचं चालूच होतं, त्याला मंजुरी लागत नाही.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. मालकांनी घेतला आणि म्हणाले, "आगं, उंदीरवाल्या बाईंचा हाय."

"मावशी, मंजुरी आली," मॅडम म्हणाल्या. "साठ उंदीर. खोली परत मिळाली. मी सरांना फोन केला होता."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कामाला त्याच बाईंना घ्या. मी म्हटलं, सर, असं काय करता, त्या मालिश करतात."

"मग?"

"म्हणाले, करतात. पण सांगतात."

मी सोमवारपासून जाते आहे.